पेंड निवण्याआधी

पट्ट्यावरून घसरत येणाऱ्या पेंडीत अंबिकाने हात घातला आणि चटका बसताच मागे ओढला. रोज ती याच जागी उभी राहून ओंजळभर पेंड उचलायची, नाकाशी न्यायची, बोटांत चुरडून बघायची आणि नमुना डबीत टाकून प्रयोगशाळेत परतायची. आज ओंजळ सोडाच, बोट टेकवणंही जमत नव्हतं.

देवास रोडवरच्या त्या कारखान्यात सोयाबीनचं तेल निघायचं. तेल काढून उरलेली पेंड वाफेवर भाजली जायची आणि मग एका लांबलचक फिरत्या ड्रममधून पुढे सरकायची. ड्रमच्या टोकाला भलामोठा पंखा होता, तो बाहेरची गार हवा पेंडीतून ओढून घ्यायचा. या सगळ्या प्रकाराला कारखान्यात कूलर म्हणत. कूलरमधून बाहेर पडेपर्यंत पेंड निवलेली असायची. मग ती पोत्यांत भरून गोदामात, गोदामातून रेल्वेच्या वाघिणींत आणि तिथून थेट बंदरावर. ती सालंच तशी होती. माळव्यात जो तो सोयाबीन पेरत होता, आणि परदेशात पेंड कितीही पाठवली तरी कमीच पडत होती.

त्या दिवशी सकाळी पंख्याची मोटर जळाली होती. मोटर इंदूरला गेली, पण कारखाना थांबला नव्हता.

अंबिका तशीच वर्क्स मॅनेजर शैलेंद्र सक्सेनांच्या केबिनमध्ये गेली. प्रयोगशाळेने होकार दिल्याशिवाय माल पोत्यांत भरायचा नाही असा कारखान्याचा नियम होता, आणि दिवसपाळीला प्रयोगशाळा म्हणजे अंबिका मुळे.

"सर, माल बहुत गरम है. ऐसा भर नहीं सकते."

"मालूम है." सक्सेना चष्मा पुसत होते. "मोटर आते-आते आएगी. ठंड के दिन हैं, गोदाम में अपने आप ठंडा हो जाएगा."

"ऊपर से होगा, सर. अंदर की गरमी कहाँ जाएगी?"

सक्सेनांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते वाईट बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांचा आवाज कधी चढत नसे. बंदरावर जहाज उभं आहे, रेल्वेची गाडी मागून घेतली आहे, आत्ता कारखाना बंद केला तर शेठ आपल्या सगळ्यांना घरी बसवतील, असं त्यांनी तिला शांतपणे समजावलं. आणि मग, ती दाराशी पोचल्यावर, सहज आठवल्यासारखं विचारलं, "आपके मिस्टर का मन लग गया ना गोदाम में?"

अंबिका क्षणभर दाराची कडी धरून उभी राहिली.

वसंत, तिचा नवरा, कापडगिरणीत घडीखात्यात सुपरवायझर होता. गिरणी बंद पडली तेव्हा तो चाळिशीचा होता. पुढची चार-पाच वर्षं त्याने घरात काढली. सुरुवातीला अर्ज केले, फ्रीगंजातल्या दुकानांमधून विचारून आला, मग तेही सोडलं. दाढी करणं सोडलं. कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. मुलगी जयू शाळेतून काही सांगत आली तर ऐकल्यासारखं करायचा, पण त्याची नजर कुठेतरी भलतीकडेच असायची. एकदा अंबिका कामावरून लवकर परतली तर हा गॅलरीच्या कठड्याला दोन्ही हात टेकून खाली बघत उभा होता, आणि त्याच्या उभं राहण्यात असं काहीतरी होतं की तिने चपला न काढताच जाऊन त्याचा सदरा मागून घट्ट धरला. दोघंही त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाहीत. त्यानंतर आठवड्याभरात तिने सक्सेनांपुढे पदर पसरला आणि वसंतला गोदामात लावून घेतलं. तो पुन्हा दाढी करू लागला. रविवारी स्वतः मटार सोलून देऊ लागला. गोदामातल्या हम्मालांच्या गमती जेवताना सांगू लागला.

ती पॅकिंगमध्ये गेली आणि तिथल्या माणसाला म्हणाली, "भरने दो."

मोटर यायला ठरल्यापेक्षा जास्त दिवस लागले. तेवढे दिवस वाफाळती पेंड पोत्यांत भरली गेली, पोती शिवली गेली आणि गोदामात एकावर एक चढत गेली. थप्पी पार छपराच्या कैचीपर्यंत पोचली. मोटर आली, पंखा फिरला, कूलर सुरू झाला आणि पट्ट्यावरची पेंड पुन्हा हाताला सुखाची लागू लागली. अंबिकाने मनाला समजावलं की झालं ते झालं.

दुपारचा डबा ती दोघं प्रयोगशाळेमागच्या लिंबाखाली खात. त्या दिवशी वसंतने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"अंबिका, त्या मोठ्या थप्पीला घाम फुटलाय."

"म्हणजे?"

"वरची पोती ओली लागतायत. मी मध्ये लोखंडी सळई खुपसून ठेवली होती. आत्ता काढली तर हातात धरवेना. आणि वास येतोय, करपल्यासारखा." तो तिच्याकडे बघत होता. "कूलर बंद होता त्या दिवसांतला माल आहे हा. तुझ्याकडून पास होऊन आला ना?"

तिने मान हलवली. कोणी सांगितलं, का सांगितलं, हे तिने थोडक्यात सांगितलं. त्याच्याबद्दल विचारलेलं मात्र सांगितलं नाही. पण वसंत काही दूधखुळा नव्हता.

"मी सक्सेनाकडे जातो. थप्पी उकलायला पाहिजे. पोती बाहेर काढून, फोडून, अंगणात पसरायला पाहिजेत. आजच."

"अहो, उद्या गाडी लागतेय."

"म्हणून तर."

"एक दिवस." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "एकच दिवस थांबा. उद्या संध्याकाळपर्यंत सगळा माल जाईल. मग तो आपला नाही. तुम्ही आत्ता बोललात तर आधी मला विचारतील, मग तुम्हाला काढतील. तुम्ही पुन्हा तसे घरी बसलेले मला नाही बघवणार. मी हात जोडते तुम्हाला."

तिने खरोखरच हात जोडले. बोटांना भाजी लागलेली होती. वसंतने आजूबाजूला पाहिलं, तिचे हात खाली केले आणि पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भराई सुरू झाली. हम्मालांचा मुकादम बापू या पन्नाशीच्या, काटक माणसाची टोळी थप्पीच्या कडेकडेची पोती उतरवून ट्रकांवर चढवू लागली. भरलेले ट्रक एकामागून एक रेल्वेच्या मालधक्क्याकडे निघाले. अंबिका प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघत होती. प्रत्येक ट्रक फाटकाबाहेर पडला की तिला थोडा श्वास घेता येत होता.

मग ट्रक बाहेर पडणं थांबलं. एक रिकामा ट्रक गोदामापुढे उभा, आणि त्याच्यात कोणी काही टाकत नाही. ती बाहेर आली.

गोदामाच्या दारातून पिवळट धूर जमिनीलगत सरपटत होता. कडेची पोती निघाल्यावर आतला भाग उघडा पडला होता आणि तिथली पोती तपकिरी, काही तर काळी झाली होती. दारात सक्सेना नाकाला रुमाल लावून उभे होते.

"जो अच्छा दिख रहा है वो लोड करो, बाकी छोड़ दो."

"अच्छा यहाँ कुछ भी नहीं है, साहब," वसंत म्हणाला. तिने त्याला इतक्या मोठ्याने बोलताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "ट्रक बंद. बापू, बीचवाला माल पहले निकालना पड़ेगा, नहीं तो सब जाएगा. बाहर फेंको, मैदान में."

बापूने डोक्याचं फडकं सोडून तोंडाला बांधलं आणि आत शिरला. त्याच्यामागून वसंतही. अंबिकाने हाक मारली, पण वसंतने वळून फक्त हाताने तिला दूर राहा अशी खूण केली.

हे सगळं कसं झालं ते तिला पुढे कितीतरी लोकांनी विचारलं, आणि दर वेळी तिला एवढंच सांगता आलं की मोठा आवाज असा झालाच नाही. आतली पोती जळून पोकळ झाली होती. वरच्या पोत्यांचा भार त्यांना पेलवला नाही आणि थप्पीची एक बाजू बसली. धान्याची रास ढासळावी तसा फक्त एक लांब खसखसाट आला. नंतर धूर, आणि धुरातून बापूचं खोकणं. बापू गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. त्याच्यामागे कोणी आलं नाही.

अंबिका आत धावली. फुटलेल्या पोत्यांचा ढीग दारापर्यंत आला होता आणि ढिगाच्या वर वसंतचं डोकं आणि एक खांदा दिसत होता. छाती पोत्यांखाली दबली होती आणि कंबरेखालचा भाग गरम पेंडीत गाडला गेला होता. तो ओरडत नव्हता. तोंड उघडं होतं आणि श्वास आत जात नव्हता.

ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी उकरू लागली. उकराल तेवढी पेंड वरून पुन्हा घसरत होती. चटका बसतो हे आधी कळत होतं, मग कळेनासं झालं. बापू परतला, त्याचा एक हात लोंबत होता, दुसऱ्या हातात पत्र्याचा तुकडा होता, त्याने तो पेंड बाजूला लोटू लागला. मग टोळीतले बाकीचे आले. हवा लागली तशी पलीकडची पोती भडकली, ज्वाळा वर चढली, कुणीतरी "बाहर, बाहर" म्हणत होतं. चौघांनी वसंतच्या काखांत हात घालून त्याला ओढला. एक बूट आतच राहिला. दुसऱ्या पायातला बूट उतरवताना बुटाबरोबर जे निघालं ते बघून बापूने तोंड फिरवलं.

कारखान्याच्या जीपमध्ये तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. रस्ताभर ती एकच वाक्य म्हणत होती, की आलंच, दवाखाना आलाच.

मोठ्या सरकारी दवाखान्यात त्याला आत नेलं आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवून एका नर्सने तिचे दोन्ही हात पांढऱ्या मलमात बुडवून पट्ट्यांत गुंडाळले. जयूला कुणीतरी कॉलेजातून आणलं. ती आईच्या हातांकडे बघत राहिली. थोड्या वेळाने डॉक्टरांनी दोघींना आत सोडलं.

वसंत शुद्धीवर होता. पायांवर जाळीसारखं काही उभं करून वर चादर टाकली होती. ओठ फुटले होते. अंबिका वाकली तेव्हा त्याने आधी तिच्या हातांच्या पट्ट्या पाहिल्या, मग तोंडाशी आलेलं कसंबसं बाहेर काढलं.

"सकाळचे ट्रक."

"गप्प राहा. बोलू नका."

"वाघिणीत भरले असतील. दारं लावून सील करतील." त्याला दम लागला. "आतल्या आत पेटेल, अंबिका. गाडी चालती असताना. पुढे काय जोडतील, कुठल्या स्टेशनात उभी करतील... जा तू."

"मी तुम्हाला सोडून कुठेही जाणार नाही."

"जयू आहे." त्याने डोळे मिटले. "काल मी थांबलो. आता तू जा."

बाहेर आल्यावर तिने फोनची चौकशी केली. कारखान्यात फोन लागला नाही, मालधक्क्याचा नंबर कुणाकडे नव्हता. ती दवाखान्याच्या फाटकातून निघाली ती देवास गेटपर्यंत जवळजवळ धावतच. टेंपोवाल्याने तिच्या साडीवरची राख आणि हातांच्या पट्ट्या पाहून मागे जागा करून दिली. तिच्यापाशी पर्स नव्हती. "रहने दो बहनजी," तो म्हणाला आणि तिला स्टेशनामागच्या मालधक्क्याशी उतरवलं.

धक्क्याला मालगाडी लागलेली होती. इंजिनही जोडलं होतं. बहुतेक वाघिणी दुसऱ्या कारखान्यांच्या मालाने भरलेल्या होत्या, पण अलीकडच्या तीन वाघिणींपाशी तिने ओळखीची पोती सांडलेली पाहिली. त्यांची दारं बंद होती. एक माणूस कड्यांना तार ओवून सील दाबत चालला होता, आणि त्याच्याबरोबर, पांढऱ्या शर्टावर एकही डाग नसलेले, सक्सेना चालत होते.

"ही दारं उघडा," अंबिका म्हणाली. धापेमुळे तिचा आवाज फुटत नव्हता. "खोलिए इनको. माल गरम है."

सील लावणारा माणूस थांबला. उतारवयाचा, खाकी स्वेटर घातलेला. सक्सेनांनी पुढे होऊन तिच्या खांद्यापाशी हात नेला.

"मॅडम सदमे में हैं," ते त्या माणसाला हळू आवाजात म्हणाले. "इनके हस्बैंड का एक्सिडेंट हो गया सुबह. मॅडम, आप अस्पताल चलिए, मैं खुद छोड़ता हूँ."

"तुम्ही मराठी का?" त्या माणसाने तिला विचारलं.

"हो. मुळे. मी यांच्या कारखान्यात केमिस्ट आहे."

"मी निगुडकर. मालबाबू. बाई, सही-शिक्का झालाय. आता सील तोडायचं म्हणजे मला वर जाब द्यावा लागेल. तुम्ही बोलता आहात ते नक्की कशावरून?"

"हा माल मीच पास केला."

सक्सेनांचा हात हवेत तसाच राहिला.

"कूलर बंद होता," अंबिका म्हणाली. "माल भरू नये हे मला ठाऊक होतं. यांनी सांगितलं आणि मी होकार दिला. याच थप्पीतला माल आहे. ती थप्पी आत्ता जळते आहे, माझा नवरा तिच्याखाली सापडला. हे बघा." तिने दोन्ही हात पुढे केले.

निगुडकरांनी हातांकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. गार्डाने लांबून काहीतरी विचारलं, त्याला त्यांनी थांबायची खूण केली. पण सील तोडायला ते पुढे झाले नाहीत. ते घाबरलेले होते, हे तिला दिसत होतं. ती भीती तिच्या चांगल्या ओळखीची होती.

मग ती धक्क्याच्या कडेला गेली आणि खाली उतरली. पट्ट्या बांधलेल्या हातांनी धरता येत नव्हतं, ती खरचटत, जवळजवळ पडतच रुळांवर पोचली. पहिल्या वाघिणीच्या चाकापुढे रुळाला लागून ती खडीवर बसली. वरून कुणीतरी ओरडलं. सक्सेना पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, पोलीस असं काहीतरी. तिला ते नीट ऐकू आलं नाही. तिच्या मनात तेवढंच होतं की दवाखान्यात तो एकटा तर नाही ना, जयूला डॉक्टर काही सांगत असतील आणि ती घाबरत असेल, आणि आपण इथे खडीत बसलो आहोत. ती रडू लागली. उठली मात्र नाही.

"बाई, वर या," निगुडकर धक्क्यावरून वाकून म्हणाले. "उघडतो मी. वर या."

त्यांनी तार तोडली. दोन हमालांनी दार सरकवलं. आतून ऊब आली, आंघोळीच्या पाण्याच्या बंबाजवळ उभं राहिल्यावर येते तशी, आणि पाठोपाठ तो करपट वास. निगुडकरांनी खिशातली परखी काढली. पोत्यात खुपसून नमुना काढायची ती टोकदार नळी त्यांनी मधल्या पोत्यात घातली, बाहेर ओढली आणि तळहातावर उपडी केली. पेंड कॉफीच्या रंगाची होती. त्यांनी ती झटकून टाकली, हात पँटला पुसला आणि गार्डाच्या दिशेने चालू लागले. चालता चालताच ते ओरडत होते की या तीन काढा, लाइनवर वेगळ्या करा, आगीचा बंब बोलवा.

अंबिका वळली तेव्हा सक्सेना तिथे नव्हते.

ती दवाखान्यात परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. वसंतला झोपेचं औषध दिलेलं होतं. जयूने सांगितलं की पाय वाचतील असं डॉक्टर म्हणतात, पण इंदूरला न्यावं लागेल, मांडीची कातडी काढून लावावी लागेल, आणि पहिल्यासारखं चालणं होईल असं समजू नका. अंबिकाने ऐकून घेतलं. तहान लागली होती. समोर तांब्या होता आणि तो तिला उचलता येत नव्हता. जयूने भांडं तिच्या ओठांना लावलं.

चौकशी झाली. फॅक्टरी इन्स्पेक्टरने विचारलं तेव्हा अंबिकाने मालधक्क्यावर सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, स्वतःचं नाव आधी घेऊन. सक्सेनांची दुसऱ्या गावच्या कारखान्यात बदली झाली. अंबिकाला कामावरून कमी केलं. वसंतलाही. बापूचा खांदा नीट बसला नाही, त्याला पोतं उचलता येईना. तो देवास गेटला चहाच्या टपरीवर बसू लागला. अंबिका त्याला भेटायला गेली तेव्हा त्याने तिला चहा दिला, वसंतची विचारपूस केली, आणि ती बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाला, "भाभी, रहने दो." तिने काय केलं होतं ते त्याला माहीत होतं की नव्हतं, हे तिला कळलं नाही. ती चहा पिऊन परत आली.

वसंत घरी आला तोवर उन्हाळा लागला होता. नानाखेड्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत आता तिच्या शिकवण्या चालत. बाहेरच्या खोलीत मुलं रसायनशास्त्राची समीकरणं घोकत, आतल्या खोलीत तो पाय लांब करून बसे. ज्या गोष्टीला घाबरून तिने हात जोडले होते ती अखेर घडलीच होती, तो घरी बसला होता. पण या वेळी तो दाढी करत होता. जयूशी भांडत होता. पाय दुखले की शिव्या देत होता.

एका दुपारी मुलं गेल्यावर ती त्याच्या पायांना खोबरेल लावत होती. नवी कातडी गुलाबी, ताणलेली, जागोजागी गुठळ्यांची होती. तिच्या स्वतःच्या बोटांनाही आता नीट स्पर्श कळत नसे, त्यामुळे दाब किती पडतो ते ती त्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायची.

"त्या दिवशी डबा खाताना," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत तिने हे पहिल्यांदाच काढलं होतं. "मी तुम्हाला अडवलं नसतं..."



"तू अडवलंस म्हणून मी थांबलो असं नाही," वसंत म्हणाला. "मला जायचंच नव्हतं सक्सेनाकडे. तू हात जोडलेस तेव्हा मला बरंच वाटलं. सुटलो असं वाटलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हे खरं आहे की आपल्यासाठी म्हणतोय, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. पुढेही कधी ओळखता आलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

"जरा हळू," तो म्हणाला.

तिने हात हलका केला आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.